मालकाच्या वहीतून माणूस वाचताना : गुलामगिरीचा इतिहास तळातून कसा लिहावा

गुलामगिरीविषयी जे कागद उरले आहेत, त्यांतले बहुतेक माणसं विकणाऱ्यांनी, विकत घेणाऱ्यांनी, त्यांचा विमा उतरवणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर कर बसवणाऱ्यांनी केलेले आहेत. ज्यांच्यावर हे गुजरलं त्यांच्या हातचं लिखाण मूठभर. त्यामुळे 'पीडितांच्या बाजूने इतिहास सांगायचा' असं ठरवल्यावर पहिली अडचण येते ती साधनांची. कळकळ असून भागत नाही. साधनं मालकाच्याच दफ्तरातून काढावी लागतात, आणि मालकाने जे सांगण्यासाठी कागद केला ते सोडून दुसरंच काही त्यातून वाचावं लागतं. हे काम कसं करायचं, ते शिक्षक, स्थानिक इतिहास लिहिणारे, माहितीपट किंवा पॉडकास्ट करणारे यांच्यासाठी इथे दिलं आहे.

विषय केवढा घ्यावा

सुमारे १५०० पासून १८६७ पर्यंत अटलांटिकपार नेण्यासाठी सव्वा कोटीच्या आसपास आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबलं गेलं. त्यातली सुमारे एक कोटी सात लाख पलीकडे जिवंत उतरली. हा एवढा विषय एका लेखात घेतला की माणसं आपोआप आकड्यांत विरघळतात आणि नावं उरतात ती मंत्री, खासदार आणि जहाजमालकांची. म्हणून एक जहाज घ्या, एक ऊसमळा घ्या, एक खटला घ्या, किंवा एकच माणूस घ्या.

विषय पक्का करण्याआधी एक चाचणी करा. त्याच माणसांबद्दल वेगवेगळ्या कारणांसाठी केलेले किमान दोन प्रकारचे कागद मिळतात का? मळ्याची नोंदवही आणि न्यायालयातली तक्रार; जहाजाची यादी आणि उतरल्यानंतरची नोंद; बाप्तिस्म्याची वही आणि विक्रीखत. एकाच प्रकारचा कागद असेल तर तो कागद जे सांगतो त्याच्या बाहेर पडता येत नाही. अशा वेळी विषय थोडा सरकवा.

आपल्याकडचा एक नेमका विषय : एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने हिंदी महासागरात गुलामांची गलबतं पकडली, आणि सोडवलेल्या मुलांपैकी काहींना मुंबईला आणलं. त्यातली काही नाशिकजवळच्या शरणपूर इथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात वाढली. तिथे शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा ब्रिटिश मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या मदतीसाठी तिकडे गेला. मे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर ज्या सोबत्यांनी त्याचं शव कित्येक महिने चालून किनाऱ्यावर आणलं, त्यांत तो होता आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्याने लिहिली. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला तो हजर होता. ही गोष्ट नेहमी लिव्हिंगस्टनची म्हणून सांगितली जाते. तीच वेनराइटची म्हणून सांगायला घेतली की प्रश्न बदलतात : त्याचं आधीचं नाव काय होतं, हे नाव कोणी दिलं, शरणपूरला त्याला कोणता धंदा शिकवला, सोबतच्या बाकीच्या मुलांचं काय झालं. मिशनचे अहवाल, आरमाराच्या नोंदी आणि त्याची स्वतःची रोजनिशी असे तिन्ही प्रकार इथे आहेत. चाचणीत उतरणारा विषय असा असतो.

कागद हातात आल्यावर

वाचण्याआधी चार गोष्टी टिपून ठेवा : कोणी केला, कोणाला दाखवण्यासाठी केला, त्यात कोणाचे पैसे अडकले होते, आणि तो त्या वेळीच का केला. यातला पैशांचा प्रश्न सगळ्यात फलदायी ठरतो.

१७८१ च्या अखेरीस झाँग या इंग्रजी जहाजावरून १३० हून अधिक माणसांना समुद्रात फेकण्यात आलं. ही हकीकत आपल्याला कळते ती खुनाच्या खटल्यामुळे नव्हे. मालकांनी 'मालाच्या' नुकसानीची भरपाई मागितली, विमावाल्यांनी नकार दिला, आणि १७८३ मध्ये लंडनच्या न्यायालयात पैशांचा दावा उभा राहिला. त्यामुळे कागदात पाणी किती उरलं होतं यावर मोठा वाद आहे, कारण भरपाई त्यावर ठरणार होती. फेकलेल्या एकाचंही नाव नाही, कारण त्याची गरज कोणालाच नव्हती. हे आपल्या लेखातही असंच यायला हवं : काय नोंदलं गेलं, काय गेलं नाही, आणि दोन्ही कशामुळे. 'नावं काळाच्या ओघात हरवली' हे वाक्य इथे चुकीचं आहे. ती मुळात लिहिलीच गेली नाहीत.

नोंदवहीची वजाबाकी

सर्वात जास्त माणसं सापडतात ती गुलामांच्या सरकारी नोंदवह्यांत. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. चोरून आणलेली माणसं पकडता यावीत म्हणून त्रिनिदादमध्ये १८१३ पासून आणि बाकीच्या बहुतेक वसाहतींत १८१७ च्या सुमारास मालकांना आपल्याकडच्या प्रत्येक गुलामाची नोंद देणं भाग पडलं. पुढे ठरावीक वर्षांनी, बऱ्याच ठिकाणी दर तीन वर्षांनी, ती पुन्हा द्यावी लागे. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'टी ७१' या मालिकेत या वह्या आहेत, आणि त्यांच्या प्रतिमा संगणकावर पाहता येतात.

काम असं करा. एक मळा निवडा; शंभर ते दोनशे माणसांचा असेल तर एकट्याला झेपतो. पहिल्या नोंदीतली प्रत्येक व्यक्ती स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत उतरवा. रकाने : नाव जसं लिहिलं तसं, लिंग, वय, जन्म आफ्रिकेतला की वसाहतीतला, आईचं नाव, शेरा, पान क्रमांक. स्पेलिंग सुधारू नका. नंतर प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक द्या. एका मळ्यावर तीन-तीन मेरी असतात आणि क्रमांक नसेल तर दुसऱ्याच दिवशी गोंधळ होतो.

मग तीन वर्षांनंतरची नोंद शेजारी मांडा. काही वसाहतींत पूर्ण यादी पुन्हा येते. जमैकासारख्या ठिकाणी नंतरच्या खेपांना फक्त वाढ आणि घट दिलेली असते. पूर्ण यादी असेल तर नाव, वय आणि आई या तिन्हींवरून जोड्या लावा. वय बरोबर तीनने वाढलेलं मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. देखरेख करणारा माणूस अंदाजाने वीस, तीस, चाळीस असे गोल आकडे टाकत असे. चार-पाच वर्षांचा फरक चालवून घ्या. दहाचा आला तर बहुधा माणूस वेगळा आहे. जोडी न लागलेली नावं बाजूला काढा. त्यांच्यापुढे मृत्यू, विक्री, मुक्तता, पळाला अशी कारणं सापडतील.

१८१७ ते १८३२ अशा पाच-सहा खेपा जोडल्या की पंधरा वर्षांचं आयुष्य रेषेसारखं दिसू लागतं. कुठल्या बाईला किती मुलं झाली, त्यातली किती जगली, कोणाचं मूल विकलं गेलं आणि कोणाची बहीण त्याच मळ्यावर राहिली. यातलं काहीही सांगण्याचा मालकाचा हेतू नव्हता.

या वह्या कुठे फसवतात तेही सांगायला हवं. दोन नोंदींच्या मधल्या काळात जन्मून मेलेलं बाळ अनेकदा वहीत येतच नाही. म्हणून वहीवरून बालमृत्यूचं प्रमाण काढलं तर ते खऱ्यापेक्षा कमी येतं. बापाचा रकाना नसतो, कारण मुलाचा दर्जा आईवरून ठरे आणि मालकाला तेवढंच पुरे होतं. यावरून 'कुटुंबं नव्हतीच' असा निष्कर्ष काढणं म्हणजे मालकाच्या सोयीला समाजशास्त्र मानणं. आणि 'कांगो', 'कोरोमांती' अशी जी मुळं लिहिलेली असतात ती बऱ्याचदा व्यापाऱ्यांनी बंदरावरून किंवा किल्ल्यावरून लावलेली लेबलं आहेत. त्यावरून माणसाची भाषा किंवा जमात ठरवू नका.

याच मालिकेत भरपाईचे कागद आहेत. गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने मालकांना दोन कोटी पौंड दिले. गुलाम केलेल्या माणसांना एक पेनीसुद्धा मिळाली नाही. दावे भरताना माणसांची वर्गवारी झाली : मुख्य कामगार, कारागीर, शेतमजूर, कनिष्ठ शेतमजूर, घरकामाचे नोकर, सहा वर्षांखालची मुलं, आणि 'वृद्ध, आजारी किंवा निरुपयोगी'. कोण काय काम करत होतं हे या तक्त्यांतून कळतं. भरपाई घेणाऱ्यांची माहिती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या खुल्या माहितीकोशात नावानिशी शोधता येते.

इथेच बहुतेकांची गाडी घसरते. मालकाची पत्रं, मृत्युपत्र, तैलचित्र, हवेली सगळं उपलब्ध असतं, वाचायला रंजक असतं, आणि बघता बघता लेख मालकाचं चरित्र होतो. एक कडक नियम ठेवा : मालकाला एक चतुर्थांशापेक्षा जास्त जागा नाही, आणि त्याची जी गोष्ट मळ्यावरच्या माणसांच्या आयुष्यात फरक करत नाही ती लेखात येत नाही. त्याचं कर्ज येतं, कारण कर्ज फेडायला माणसं विकली जात. त्याची लंडनमधली बाग येत नाही.

नावं आणि गावं

केपच्या डच वसाहतीत आणलेल्या माणसांच्या नावाला मूळ ठिकाण जोडलेलं असे : 'फान बेंगालेन' म्हणजे बंगालचा, 'फान मलबार' म्हणजे मलबारचा. पहिलं नाव मालकाच्या लहरीवर : टायटस, क्युपिडो, किंवा ज्या महिन्यात विकत घेतला तो महिना. सेप्टेंबर, फेब्रुवारी ही आडनावं दक्षिण आफ्रिकेत आजही आहेत. लेखात दिलेलं नाव आणि मूळ ठिकाण दोन्ही ठेवा. दिलेलं नाव 'खरं नाव नव्हे' म्हणून गाळलं तर त्या नावाने जगलेलं आयुष्यही गळतं. आरमाराने पकडलेल्या जहाजांवरून फ्रीटाऊन आणि हवाना इथे सोडवलेल्या नव्वद हजारांहून अधिक लोकांची त्यांनी स्वतः सांगितलेली आफ्रिकी नावं मात्र तिथल्या वह्यांत कानाने ऐकून लिहिलेली आहेत. तीही आता संगणकावर शोधता येतात.

मराठी वाचकाला जास्त जवळची साधनं मॉरिशसची. तिथे गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ ला संपली. त्याच्या थोडं आधी, नोव्हेंबर १८३४ मध्ये 'ॲटलस' जहाजातून, गुलामांच्या जागी राबवण्यासाठी आणलेले ३६ भारतीय कंत्राटी मजूर पोर्ट लुईला उतरले होते. पुढच्या काळात साडेचार लाखांहून अधिक भारतीय तिथे गेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेले मराठीही होते. प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाज अशी नोंद होई. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ही दफ्तरं आहेत.

गावाचं नाव इंग्रजी कारकुनाने ऐकून लिहिलेलं असतं. ते मोठ्याने वाचा, देवनागरीत त्याची तीन-चार शक्य रूपं करा आणि त्या काळच्या तालुक्यांच्या यादीशी ताडा. आजचा नकाशा वापरू नका : सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा आहे, त्याआधी त्यातला बराच भाग रत्नागिरीत होता आणि सावंतवाडी वेगळं संस्थान होतं. जातीच्या रकान्यात 'मराठा' दिसलं तर ते जातीचं, मुलखाचं की भाषेचं, हे इतर नोंदींशिवाय ठरवू नका.

कंत्राटी मजुरीला सरळ गुलामगिरी म्हणू नका आणि नोकरीही म्हणू नका. करार होता, मुदत होती, पगार होता. आणि कामावर न आल्याबद्दल तुरुंगही होता. मॉरिशसमध्ये एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. अशा एखाद्या तपशिलाने वाचकाला जे कळतं ते व्याख्येवरच्या चर्चेने कळत नाही.

जबानी कशी वाचावी

दबलेल्या माणसाचा आवाज सगळ्यात जवळून येतो तो न्यायालयीन जबान्यांत, आणि तो सगळ्यात जास्त गाळणीतून गेलेलाही तिथेच असतो. १७६३ मध्ये बर्बीस या डच वसाहतीत (आजच्या गयानात) मोठा उठाव झाला. तो मोडल्यावर शेकडो जणांची चौकशी झाली आणि त्या जबान्या टिकल्या. पण बोलणाऱ्यांच्या डोक्यावर फाशी टांगलेली होती. प्रश्न डच अधिकाऱ्याचे, उत्तरं स्थानिक मिश्र भाषेत, लेखन कारकुनाच्या डचमध्ये.

अशा कागदाची छापील प्रत घ्या आणि तीन रंगांनी खुणा करा. पहिला रंग प्रश्नातूनच आलेल्या शब्दांना. 'तू बंडखोरांना सामील होतास का' याला 'मी बंडखोरांना सामील नव्हतो' असं उत्तर असेल तर 'बंडखोर' हा शब्द साक्षीदाराचा नव्हे. दुसरा रंग कारकुनाच्या ठरीव वाक्यांना. उरलेल्या मजकुराला तिसरा. या तिसऱ्या रंगात खटल्याला अनावश्यक तपशील शोधा : कोणी कोणाला जेवण नेलं, कोण कोणाची भावजय होती, कुठल्या वाटेने पळाले. न विचारता सांगितलेल्या गोष्टी बहुधा सांगणाऱ्याच्या असतात. वेगवेगळ्या जबान्यांत अशी एखादी बिनकामाची गोष्ट जुळली तर ती भक्कम समजा.

'मी काही पाहिलं नाही, मला जबरदस्तीने नेलं' असं पन्नास जण म्हणतात तेव्हा त्यांना भित्रे किंवा निष्ठावान ठरवू नका. ते जीव वाचवण्याचं बोलणं आहे आणि तसंच लिहावं.

प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनांनाही हेच लागू. मेरी प्रिन्स हिची १८३१ ची कहाणी तिने सांगितली, दुसऱ्या बाईने लिहून घेतली, गुलामगिरीविरोधी संस्थेच्या चिटणीसाने संपादित केली. लंडनच्या सज्जन वाचकांना रुचेल असं आणि एवढंच छापायचं होतं. त्यामुळे तिच्या शरीरावरच्या अत्याचारांबद्दल जिथे वाक्य एकदम तुटतं तिथे थांबा आणि ते तुटणं वाचकाला दाखवा. फिजीत १९१२ साली कुंती या भारतीय कंत्राटी मजूर बाईने गोऱ्या देखरेखवाल्यापासून सुटण्यासाठी नदीत उडी घेतली. तिचं निवेदन हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रात आल्यावर सरकारी चौकशीचा सगळा भर तिला खोटी ठरवण्यावर राहिला. अशा प्रकरणात सरकारी अहवाल आधी आणि तिचं निवेदन नंतर, हा क्रम उलटा करा. वाचक ज्याचं म्हणणं आधी ऐकतो त्याच्या चौकटीत पुढचं वाचतो.

पळालेल्या गुलामांच्या वर्तमानपत्री जाहिराती थोडक्यात पण उपयोगी. मालकाला माणूस परत हवा असतो, म्हणून तो खरं लिहितो : किती भाषा बोलतो, कोणतं काम येतं, बायको कुठल्या मळ्यावर आहे, पाठीवर कशाचे वण आहेत. वण कोणी उठवले हे तो लिहीत नाही, पण कबुली दिलेली असते.

आपल्या दफ्तरांतला भाग

हा इतिहास फक्त गोऱ्यांचा म्हणून सांगण्याचा मोह मराठीत फार होतो. पेशवे दफ्तरातल्या मोडी रुमालांत (कागदांच्या गाठोड्यांत) कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या, किल्ल्यांवर आणि कोठ्यांत त्यांना कामाला लावल्याच्या नोंदी आहेत. बदकर्माच्या आरोपावरून बायका सरकारजमा केल्याच्याही आहेत. मलबारात चेरुमार, पुलय्या या जातींच्या लोकांना जमिनीसोबत विकलं जाई. १८४३ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखातल्या न्यायालयांनी गुलामावरचा मालकी हक्क मानणं बंद केलं, पण माणूस बाळगणं हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने, जी १८६२ पासून लागू झाली. मधल्या काळात काय झालं, हा स्वतंत्र विषय आहे.

मोडी येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. मात्र मूळ प्रतिमा जवळ ठेवा आणि 'कुणबीण' हा शब्द शेतकरी बाईसाठी आहे की दासीसाठी, हे प्रत्येक ठिकाणी मजकुरावरून तपासा. जुन्या छापील निवडींत संपादकाने लावलेली शीर्षकं वाचूच नका. 'किरकोळ' या सदराखाली अनेकदा हेच कागद गेलेले असतात.

लोकांकडून ऐकताना

अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून पूर्वी गुलाम असलेल्या लोकांच्या २,३०० हून अधिक मुलाखती घेतल्या गेल्या. चार्ल्सटनच्या सुझन हॅम्लिन या वृद्धेची दोन वेगळ्या माणसांनी नोंद केली, एकात आडनाव हॅमिल्टन असं आहे. गोऱ्या बाईने घेतलेल्या मुलाखतीत मालक बराच दयाळू दिसतो. कृष्णवर्णीय पुरुषाने घेतलेल्या मुलाखतीत चाबूक आणि विक्री येते. मुलाखत कोण घेतो हा तपशील साधनाचाच भाग आहे, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही.

म्हणून वंशजांकडे जाताना ओळखीच्या, शक्यतो त्याच समाजातल्या माणसासोबत जा. परवानगी दोनदा घ्या : रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी, आणि लिहून काढलेला मजकूर दाखवल्यावर. नाव छापायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. एक बैठक साठ ते नव्वद मिनिटांची ठेवा आणि दोन बैठकांत काही दिवसांचं अंतर सोडा. पहिल्या बैठकीत शिष्टाचार असतो, दुसरीत आठवण. रेकॉर्डिंग संक्षेप न केलेल्या वेव्ह फाइलमध्ये करा, त्याच दिवशी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती काढा. एका तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला सहा-सात तास लागतात, तेवढे धरूनच मुलाखतींची संख्या ठरवा.

'तुमच्या पूर्वजांवर काय अत्याचार झाले' असा प्रश्न विचारला की लोक पुस्तकात वाचलेलं सांगतात. त्याऐवजी वस्तू, जागा आणि रीती विचारा : या टेकडीला काय म्हणतात, हे गाणं कोणत्या दिवशी गातात, लग्नात कोणत्या घराण्याशी सोयरीक होत नाही, आजी कोणत्या नावाने हाक मारी. बोलीचं रूप जसं आहे तसं ठेवा, पण गंमत वाटेल अशा उच्चारी स्पेलिंगने लिहू नका. त्या अमेरिकी मुलाखतींचं हे मोठं नुकसान आहे.

तोंडी परंपरा आणि कागद जुळत नाहीत तेव्हा काय करायचं? मॉरिशसच्या ल मोर्न डोंगरावर पळालेले गुलाम लपून राहत. १८३५ मध्ये सुटकेची बातमी घेऊन शिपाई वर चढले, ते पकडायला आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथे सांगितलं जातं. २००८ मध्ये हा डोंगर जागतिक वारसा यादीत गेला. लिहिताना ही घटना 'घडली' असं लिहू नका आणि 'दंतकथा' म्हणून झटकूही नका. कोण सांगतं, कधीपासून नोंदली गेली, आणि स्वातंत्र्य घेऊन येणारा शिपाई पकडायला आलेल्यापेक्षा वेगळा ओळखू येत नव्हता हे त्या गोष्टीत का टिकलं, हे लिहा.

रिकाम्या जागा आणि मारहाण

कागद संपतो तिथे कल्पना सुरू होते, आणि वाचकाला ती सीमा दिसली पाहिजे. तीन ठरावीक रूपं वापरा आणि संपूर्ण लेखात मोडू नका. कागदात आहे ते साध्या भूतकाळात : 'तिला १८२३ मध्ये विकलं.' दोन नोंदींवरून काढलेलं : 'यावरून दिसतं की…' फक्त शक्य असलेलं : 'असू शकेल', आणि त्याच वाक्यात ते का शक्य आहे तेही. मनातले विचार, संवाद आणि अश्रू कधीच पहिल्या रूपात येत नाहीत. 'तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं' हे वाक्य कादंबरीत न्या.

हिंसेचं वर्णन किती करायचं? मालक स्वतः लिहून ठेवतो तेव्हा प्रश्न जास्त अवघड होतो. जमैकातला थॉमस थिसलवूड १७५० पासून १७८६ पर्यंत रोजनिशी लिहीत होता आणि तिच्यात शिक्षा व बलात्कार हिशेबासारखे नोंदलेले आहेत. त्याचे उतारे जसेच्या तसे लांबलचक दिले तर वाचक त्याच्या डोळ्यांनी पाहतो. नोंद एकदा, थोडक्यात, तारखेसह द्या. मग त्या व्यक्तीबद्दल त्याच रोजनिशीत आणखी काय आहे ते गोळा करा. फिबा नावाची बाई तिच्यात वर्षानुवर्षं येते : शिवणकाम, स्वतःची जनावरं, त्यालाच उसने दिलेले पैसे, मुलगा. फक्त मार खाणारी म्हणून तिला दाखवणं अपुरं आहे, फक्त 'कर्तबगार' म्हणून दाखवणंही. ती त्याची मालमत्ता होती, हे प्रत्येक ओळीत खरं राहतं.

चित्रांबाबतही तेच. ब्रुक्स जहाजाचं १७८८ चं प्रसिद्ध रेखाचित्र, दाटीवाटीने आडव्या आकृती असलेलं, गुलामगिरीच्या विरोधकांनीच प्रसारासाठी छापलं. त्यात एकालाही चेहरा नाही. मुखपृष्ठावर तेच पुन्हा लावायची गरज नाही. मॉरिशसच्या मजुरांचे फोटो १८६० च्या दशकानंतर पोलिसी पासासाठी काढलेले आहेत. छापताना तळटिपेत ते कशासाठी काढले हे लिहा, नाहीतर ती कौटुंबिक छायाचित्रं वाटतात.

सुरुवात आणि शेवट कुठे

बेडीपासून सुरू करून कायद्यापाशी संपवलं की गोष्ट आपोआप सरकारच्या उपकाराची होते. सुरुवात पकडण्याआधीच्या आयुष्यापासून करा. तिथे साधन नसेल तर त्या मुलखाच्या शेतीपासून, बाजारापासून. शेवट कायद्याच्या पुढे न्या. १८३४ च्या १ ऑगस्टला बहुतेक ब्रिटिश वसाहतींत सहा वर्षांखालची मुलं तेवढी खरोखर सुटली; बाकीच्यांना बहुतेक ठिकाणी 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकाकडे आठवड्याला ४५ तासांपर्यंत बिनपगारी राबावं लागलं, १८३८ पर्यंत. डच सुरीनाममध्ये १ जुलै १८६३ ला मुक्ती आली, मालकांना माणशी ३०० गिल्डर मिळाले आणि सुटलेल्यांवर दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली कामाची सक्ती झाली. ती संपत आली असतानाच १८७३ मध्ये 'लल्ला रूख' जहाज भारतीय मजूर घेऊन पोचलं. हैतीतल्या लोकांनी १७९१ मध्ये उठून १८०४ मध्ये स्वतः स्वातंत्र्य मिळवलं, आणि १८२५ मध्ये फ्रान्सने त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक मागितले, पुढे ते ९ कोटींवर आणले. आपल्या मळ्याची, आपल्या जहाजाची कथा अशा कुठल्यातरी हप्त्याशी किंवा कराराशी जोडलेली असतेच. तो धागा सापडेपर्यंत शेवट लिहू नका.

छापण्याआधी

मसुद्याची एक प्रत काढा आणि वाक्यांचे कर्ते मोजा. कर्मणी वाक्यांखाली रेघ ओढा : 'त्यांना आणण्यात आलं', 'फटके मारण्यात आले'. कोणी आणलं, कोणी मारले हे कागदात असेल तर कर्ता परत घाला. मग ज्या वाक्यांत गुलाम केलेली माणसं स्वतः काही करतात ती मोजा. एकूण वाक्यांच्या एक तृतीयांशाहून कमी आली तर साधनं पुन्हा वाचायला घ्या; सहसा जबान्यांत आणि जाहिरातींत क्रियापदं पडून राहिलेली असतात.

प्रत्येक आकड्यापुढे 'नोंदलेला', 'अंदाजित' किंवा 'दावा केलेला' यांतला एक शब्द पेन्सिलने लिहा. भरपाईच्या अर्जातलं मूल्य हा दावा आहे, मिळालेली रक्कम वेगळी. पौंड, शिलिंग, गिल्डर यांचं आजच्या रुपयांत रूपांतर टाळा. त्याऐवजी त्याच वर्षातली, त्याच ठिकाणची दुसरी किंमत शेजारी ठेवा : एका बैलाची, किंवा मजुराच्या महिन्याच्या पगाराची.

शेवटी मसुदा वंशजांपैकी दोघातिघांना वाचायला द्या, किमान महिनाभर आधी. ते आक्षेप घेतील तिथे मजकूर बदलणं शक्य नसेल तर आक्षेप त्यांच्या शब्दांत तिथेच छापा. स्प्रेडशीट, लिप्यंतरं आणि रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांच्याकडे राहू द्या, क्रमांकांच्या यादीसह, म्हणजे तुम्ही लावलेली एखादी जोडी चुकीची असेल तर ती त्यांना सोडवता येईल.